मुदत संपलेलं ग्रीन कार्ड आणि हरवलेलं ग्रीन कार्ड: दोन वेगळी दुखणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईबाबा दिवाळीच्या आधी पुण्याला गेले. दोघांना ग्रीन कार्ड तुमच्यामुळे मिळालं, म्हणजे अमेरिकी नागरिक असलेल्या मुलीचे आईवडील म्हणून. आई दहा वर्षांपूर्वी आल्या, बाबा त्यानंतर दोन वर्षांनी, निवृत्त झाल्यावर. आता तिकिटं तपासताना लक्षात आलं की आईंच्या कार्डाची मुदत गेल्या महिन्यातच संपली. त्यातच बाबांचं पाकीट स्वारगेटच्या गर्दीत गेलं आणि त्यात त्यांचं कार्ड होतं, अजून दोन वर्षं मुदत असलेलं. पासपोर्ट सुदैवाने घरी होते. परतीचं विमान तीन आठवड्यांवर आहे, आणि तुम्ही विचारताय की दोघांचा आय-९०, म्हणजे नवं कार्ड मागायचा अर्ज, आत्ताच ऑनलाइन भरून टाकू का.

आधी उत्तर सांगते, कारणं मागून येतील. आत्ता भरू नका. आईंनी ठरलेल्या विमानाने यावं, त्या येऊ शकतात. बाबांनी विमानतळावर जाऊच नये. त्यांना आधी मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून प्रवासापुरता कागद घ्यावा लागेल. दोघांचा आय-९० इकडे परतल्यावर भरायचा.

मी न्यू जर्सीत इमिग्रेशनच्या वकिलांकडे अठरा वर्षं कागदपत्रांचं काम करते. स्वतः वकील नाही. पण या अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे माझ्या हातून गेले आहेत, आणि त्यावरून एक गोष्ट छातीठोकपणे सांगते: मुदत संपलेलं कार्ड हातात असणं हे मुदत असलेलं कार्ड हरवण्यापेक्षा कितीतरी बरं. लोकांना नेमकं उलटं वाटतं. तुम्हालाही आईंची काळजी जास्त वाटतेय, हे प्रश्नावरूनच दिसतं.

सातबाऱ्याचा उतारा फाटला म्हणून शेत दुसऱ्याचं होत नाही. कार्डाचं तसंच आहे. कायम रहिवासी हा दर्जा आहे आणि कार्ड हा त्याचा पुरावा. कार्डावरची दहा वर्षं त्या प्लास्टिकची, फोटोची आणि ठशांची असतात. ती संपली की दर्जा संपत नाही. दर्जा जातो तो इमिग्रेशन न्यायाधीशाच्या अंतिम आदेशाने, किंवा माणसाने तो स्वतः सोडला तर, किंवा तो नागरिक झाला तर. लग्नातून मिळालेलं दोन वर्षांचं कार्ड हा अपवाद आहे, त्याचं पुढे सांगते.

ही मुदतीची भानगड फार जुनीही नाही. १९८९ च्या ऑगस्टपर्यंत जी कार्डं दिली गेली, त्यांतल्या बऱ्याच कार्डांवर मुदतीची तारीखच नसे. १९६५ च्या कायद्यानंतर जे मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर इकडे आले, त्यांच्यातल्या काही काकांकडे अजून ती कार्डं आहेत: तिशीतला फोटो, मान वळवलेली, उजवा कान दिसलाच पाहिजे असा त्या वेळचा नियम. त्यांतली १९७० च्या दशकाच्या अखेरीनंतर दिलेली कार्डं आजही वैध आहेत. फक्त ती दाखवली की काउंटरवरची तरुण मुलं गोंधळतात आणि काकांना ओळखणं कुणालाच जमत नाही. आणि ज्याला आपण सगळे ‘ग्रीन’ म्हणत राहिलो ते कार्ड कित्येक दशकं हिरवं नव्हतंच, २०१० मध्ये ते पुन्हा हिरवं झालं.

तर आईंचं बघू. अमेरिकेच्या सीमेवर तपासणी करणारं खातं सीबीपी. प्रवाशाकडे योग्य कागद नसेल तर ते विमान कंपनीला दंड करतं, म्हणून काउंटरवरचा माणूस घाबरलेला असतो. पण याच खात्याने विमान कंपन्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली आहे, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की दहा वर्षांच्या मुदतीने दिलेलं कार्ड मुदत संपलेलं असलं तरी त्या रहिवाशाला विमानात बसवता येतं, दंड होत नाही. ग्रीन कार्ड देणाऱ्या यूएससीआयएस या खात्याच्या संकेतस्थळावरही हेच आहे: दहा वर्षांचं कार्ड नुसतं मुदतबाह्य असेल तर प्रवासाच्या वेगळ्या कागदाची गरज बहुधा नाही, विमान कंपनीला विचारा.

खरी अडचण हा नियम काउंटरवर माहीत नसण्याची आहे. मुंबईच्या विमानतळावर रात्री दोन वाजता, मागे शंभर माणसांची रांग असताना, अडुसष्ट वर्षांच्या बाईने कुठल्याशा मार्गदर्शिकेबद्दल वाद घालावा अशी अपेक्षा मी कधीच करत नाही. म्हणून तिकीट ज्या कंपनीचं आहे तिला आत्ताच लेखी विचारा. फोनवर ‘हो मॅडम, चालेल’ म्हणतात त्याला विमानतळावर किंमत नसते. ईमेलचं उत्तर आलं तर ते छापून आईंच्या पर्समध्ये ठेवा. सीबीपीच्या मार्गदर्शिकेतलं ते पान आणि यूएससीआयएसचं पानही इंग्रजीत छापून सोबत द्या, संबंधित ओळीखाली रेघ मारून. काउंटरवर अडवलंच तर आईंनी एवढंच म्हणावं: तुमच्या ड्यूटी मॅनेजरला बोलवा आणि सीबीपीच्या रीजनल कॅरियर लिएझन ग्रुपला फोन लावा. विमान कंपन्यांनी शंका आली की विचारायचं ठिकाण ते, आणि ते नाव प्रवाशाच्या तोंडून आलं की पलीकडचा सूर बदलतो, असं मला बऱ्याच आईबाबांनी सांगितलंय. नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचा.

तिकीट थेट विमानाचं आहे की मध्ये कुठे बदल आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते महत्त्वाचं आहे. दर बदलाच्या ठिकाणी नवा काउंटर आणि नवा माणूस. शिवाय भारतीय पासपोर्टवाल्यांना युरोपातल्या काही विमानतळांवर किंवा लंडनला ट्रान्झिट व्हिसातून जी सूट मिळते, ती अनेकदा वैध ग्रीन कार्डाच्या जोरावर असते. कार्ड मुदतबाह्य झालं की अमेरिकेला चालेल ते तिथे चालेलच असं नाही. बाबांकडे तर कार्डच नसेल, स्टिकर असेल. शक्य असेल तर दोघांना थेट विमानाने आणा, चार पैसे जास्त गेले तरी. अबू धाबीमार्गे येणार असतील तर अमेरिकेची तपासणी तिथेच उरकते हेही त्यांना सांगून ठेवा, नाहीतर मधल्याच विमानतळावर अमेरिकन गणवेशातला अधिकारी समोर बघून माणूस गडबडतो.

आता बाबा, इथे जरा सविस्तर लिहिते.

हरवलेल्या कार्डाला वरची सवलत लागू नाही. विमान कंपनीला दाखवायला काहीच नाही, फोटोकॉपी चालत नाही, मोबाइलमधला फोटो चालत नाही. त्यासाठी आय-१३१ए नावाचा अर्ज असतो. तो मंजूर झाला की पासपोर्टमध्ये व्हिसासारखा एक स्टिकर लावतात, त्याला बोर्डिंग फॉइल म्हणतात. त्याचं काम विमानात बसू देण्यापुरतं. तो नवं कार्ड नव्हे.

क्रम असा. सगळ्यात आधी पोलिसांकडे नोंद. पाकीट मारलं अशी खात्री असेल तर चोरीची तक्रार, नुसतं हरवलं असेल तर हरवल्याची नोंद, ती ऑनलाइनही करता येते. नोंदीत ‘पाकीट’ एवढंच लिहून येऊ नका. ‘अमेरिकेचं कायम रहिवासी कार्ड’ असे शब्द त्यात यायलाच हवेत, कार्डाचा नंबर असेल तर तोही. हवालदार कंटाळा करेल, तरी आग्रह धरा. कागद मराठीत मिळाला तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागेल, आणि खाली भाषांतर करणाऱ्याचं दोन ओळींचं निवेदन: मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, नाव, सही, पत्ता, तारीख. त्यासाठी सरकारमान्य भाषांतरकाराला हजारो रुपये द्यायची गरज नाही, दोन्ही भाषा नीट येणारं कुणीही चालतं. मी घरातल्या माणसाऐवजी शेजारच्या निवृत्त शिक्षकांना सांगा म्हणते, उगाच कुणाच्या मनात शंका नको.

मग फी. आय-१३१ए ची फी ५७५ डॉलर, ती आधी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायची आणि पावती छापून घ्यायची. अर्ज नामंजूर झाला तरी हे पैसे परत येत नाहीत. त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटकडून वेळ घ्यायची. कॉन्सुलेटच्या संकेतस्थळावर या अर्जासाठी ज्या सूचना असतील त्या शब्दशः पाळा, नेहमीच्या व्हिसाच्या रांगेत वेळ घेऊन बसू नका. बाबांना स्वतः जावं लागेल, तुमचा भाऊ किंवा एजंट त्यांच्या वतीने अर्ज देऊ शकत नाही.

सोबत काय न्यायचं? पासपोर्ट, फोटो, फीची पावती, पोलिसांचा कागद, परतीचं तिकीट, आणि दोन गोष्टींचा पुरावा: बाबा खरंच कायम रहिवासी आहेत, आणि ते अमेरिकेबाहेर एक वर्षापेक्षा कमी काळ आहेत. दुसरा सोपा आहे, बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचा भारतातल्या आगमनाचा शिक्का. पहिल्यासाठी कार्डाची फोटोकॉपी असेल तर उत्तम. तुम्ही म्हणता, ‘कॉपी कुणाकडेच नाही.’ हे मी दर आठवड्याला ऐकते. आपल्याकडे लग्नपत्रिका पंचवीस वर्षं जपतात, आणि कार्डाची झेरॉक्स मात्र काढलेली नसते.

पण निराश होऊ नका. बाबा पहिल्यांदा आले ते मुंबईहून इमिग्रंट व्हिसा घेऊन. तो व्हिसा त्या वेळच्या पासपोर्टमध्ये अख्खं पानभर चिकटवलेला असणार. तो पासपोर्ट आता रद्द झाला असेल, कोपरा कापलेला असेल, पण आपले लोक जुने पासपोर्ट टाकत नाहीत, कपाटातल्या स्टीलच्या डब्यात असतात. त्या व्हिसावर ‘रजिस्ट्रेशन नंबर’ म्हणून ए अक्षराने सुरू होणारा आकडा दिसेल. तोच बाबांचा ए नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यातला त्यांचा ओळख क्रमांक, जन्मभराचा. शेजारी अमेरिकेत पहिल्यांदा उतरल्याचा शिक्काही असेल. हे दोन्ही मिळाले की कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याचं काम निम्मं झालं. तो पासपोर्ट नाहीच मिळाला, तर तुमच्या जुन्या ईमेलमध्ये इमिग्रंट फी भरल्याची पावती शोधा, तिच्यावरही ए नंबर असतो.

वेळ किती लागेल? याचा हिशेब तिकिटावरून करू नका. काम चटकन झालेलं मी पाहिलंय आणि रेंगाळलेलंही. बाबांचं तिकीट तारीख बदलता येईल असं करून ठेवा आणि फॉइल हातात पडल्यावरच तारीख पक्की करा. फॉइलची मुदत थोडी असते, म्हणून ती मिळाल्यावर ‘आता नातवाची मुंज उरकूनच जाऊ’ असं म्हणत बसायचं नाही. आणि आई एकट्या पुढे येतील की बाबांसाठी थांबतील, हा तुमच्या घरचा निर्णय, पण दोघांपैकी कुणाचेही बाहेर सहा महिने उलटू देऊ नका.

पासपोर्टही सोबत गेला असता तर क्रम बदलला असता. फॉइल पासपोर्टमध्ये लागतं, म्हणून आधी पुण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून नवा पासपोर्ट, मग कॉन्सुलेट. हे लिहितेय कारण लोक दोन्ही एकाच पाकिटात ठेवतात. ठेवू नका.

मग आय-९० आत्ताच का नाही भरायचा? अर्जाच्या सूचना बाहेर असलेल्या माणसाला सांगतात की आधी जवळच्या कॉन्सुलेटशी बोला किंवा परत येऊन अर्ज करा. बोटांचे ठसे इकडच्याच केंद्रात द्यायचे असतात, त्याची तारीख आली आणि माणूस पुण्यात असला की अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. पावतीही टपालाने इकडच्या पत्त्यावर येणार. शिवाय बाबांना त्या पावतीचा विमानतळावर काहीच उपयोग नाही.

उतरल्यावर काय होईल? आईंना बहुधा दोन प्रश्न विचारतील, किती दिवस बाहेर होतात आणि कार्ड का नाही बदललं. उत्तर खरं आणि छोटं द्यायचं: चार महिने, लक्षात आलं नाही, आता अर्ज करणार आहे. कधी आतल्या खोलीत बसवतात, कधी कागद नसल्याबद्दलच्या सवलतीचा फॉर्म आणि त्याची फी मागतात. बाबांना फॉइलमुळे सहसा कमी त्रास होतो. पण दोघांनाही एक गोष्ट घरीच समजावून ठेवा. आय-४०७ नावाचा एक फॉर्म असतो, त्यावर सही म्हणजे ‘मी माझा रहिवासी दर्जा राजीखुशीने सोडतो’. वयस्क आईबाबांसमोर, थकलेले असताना, ‘सही करा म्हणजे लवकर सुटाल’ अशा सुरात तो ठेवला गेल्याच्या गोष्टी माझ्याकडे आल्या आहेत. सही करायची सक्ती नाही. ‘मला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर जायचंय’ एवढं म्हणण्याचा हक्क त्यांना आहे. जे वाचता येत नाही त्यावर सही नाही, हे वाक्य मी प्रत्येक आजीआजोबांकडून घरी पाठ करून घेते.

आता परतल्यानंतरचा आय-९०. फी २०२४ च्या एप्रिलपासून ऑनलाइन ४१५ डॉलर आणि कागदी अर्जाला ४६५. ठशांची वेगळी फी तेव्हा बंद झाली. आधी दोन्ही मिळून ५४० जायचे, म्हणजे हे एकच खातं असं की जिथे महागाई उलटी फिरली. भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या फीच्या पानावर आकडा पुन्हा बघा. ऑनलाइनच भरा. कागदी अर्जासोबत चेक जोडायची जुनी पद्धतही २०२५ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. दोघांची खाती वेगळी, ईमेल वेगळे. आणि संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह आहे की नाही बघा. हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट फॉर्म ‘भरून देण्याचे’ पैसे घेतात आणि सरकारी फी वेगळीच राहते.

अर्जात कारण निवडावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांची चूक होते. आईंचं कारण ‘मुदत संपली किंवा सहा महिन्यांत संपणार’. बाबांचं ‘हरवलं, चोरीला गेलं किंवा नष्ट झालं’. बाबांसोबत त्यांच्या नावाचं, जन्मतारखेचं, फोटोचं आणि सहीचं सरकारी ओळखपत्र जोडा, पासपोर्ट चालेल. मूळ कागद पाठवायचे नाहीत.

नावाकडे लक्ष द्या. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. मग पासपोर्टवर एक, जन्मदाखल्यावर दुसरं आणि जुन्या रेशनकार्डावर तिसरंच. आईंच्या कार्डावर जे नाव आहे तेच आय-९० मध्ये अक्षरशः भरा. या निमित्ताने नाव ‘नीट करून घेऊ’ असं मनात असेल तर तो नावबदलाचा वेगळा आधार आहे आणि त्याला लग्नाचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश लागतो. खात्याच्या चुकीने कार्डावर नाव चुकलं असेल तर फी लागत नाही, पण ते चुकलेलं कार्ड परत पाठवावं लागतं.

पावती आली की आईंचा प्रश्न जवळजवळ सुटला. २०२४ च्या १० सप्टेंबरपासून आय-९० ची पावती मुदत संपलेल्या कार्डाला ३६ महिन्यांची वाढ देते. आधी ती २४ महिने होती, त्याआधी १२. हे ३६ महिने कार्डावरच्या तारखेपासून मोजायचे, पावतीच्या तारखेपासून नाहीत. पावती आणि जुनं कार्ड हे जोडीनेच वैध, एक घरी आणि एक पर्समध्ये असं नको. त्या जोडीवर आई पुढच्या वर्षी पुन्हा पुण्याला जाऊन येऊ शकतात.

बाबांकडे मात्र जोडी बनवायला कार्डच नाही. नवं कार्ड येईपर्यंत प्रवास किंवा कामासाठी पुरावा लागला तर यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला फोन करून तात्पुरता शिक्का मागायचा, आमच्याकडे त्याला आय-५५१ स्टँप किंवा एडीआयटी स्टँप म्हणतात. तो पासपोर्टमध्ये किंवा फोटो लावलेल्या वेगळ्या कागदावर मिळतो, आणि २०२३ पासून काही जणांना कचेरीत न जाता टपालानेही पाठवतात. तो हातात असल्याशिवाय बाबांनी देशाबाहेर जाऊ नये. नोकरी करणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर: कार्ड हरवलं म्हणून नोकरी थांबत नाही. नवीन नोकरीत ओळख आणि कामाचा हक्क दाखवायला ड्रायव्हिंग लायसन्स आणि कुठलीही अट न छापलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड पुरतं. आणि ज्याने रुजू होताना ग्रीन कार्ड दाखवलं होतं, त्याचं कार्ड पुढे मुदतबाह्य झालं म्हणून कंपनीने नवं मागायचं नसतं.

नवीन कार्ड टपालाने येतं आणि इथे एक खास आपल्या घरांतला घोटाळा आहे. लेकीचं आडनाव वेगळं, जावयाचं तेच, टपालपेटीवर फक्त त्यांचं. पोस्टमनला तुमच्या बाबांचं आडनाव त्या पेटीवर दिसत नाही आणि तो पाकीट ‘इथे कुणी नाही’ म्हणून परत करतो. टपालपेटीवर आजच आईबाबांचं आडनाव लिहून चिकटवा. मधल्या काळात घर बदललंत तर दहा दिवसांत त्या दोघांचाही पत्ताबदल एआर-११ ने कळवायचा, तुमचा कळवला म्हणून त्यांचा होत नाही.

आणि समजा बाबांचं जुनं कार्ड अर्ज केल्यावर सापडलं? सापडतात. एकदा एका आजोबांचं कार्ड दत्ताच्या पोथीत सापडलं, खूण म्हणून ठेवलेलं. त्यांनी खुशीत तेच दाखवून प्रवास केला, आणि परतताना तीन तास आतल्या खोलीत बसले, कारण खात्याच्या संगणकात ते कार्ड हरवलेलं होतं. सापडलं तर ते वापरायचं नाही, खात्याकडे परत पाठवायचं.

आता तो दोन वर्षांच्या कार्डाचा अपवाद, थोडक्यात. लग्नामुळे मिळालेलं दोन वर्षांचं कार्ड संपत आलं की आय-९० चालत नाही, तिथे मुदतीआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे दर्जावरची अट काढायचा अर्ज, भरायचा. तिथे मुदत चुकली तर दर्जाच धोक्यात येतो. तेच दोन वर्षांचं कार्ड मधेच हरवलं तर मात्र आय-९०. मुलांचं कार्ड चौदाव्या वाढदिवसानंतर ३० दिवसांत नव्याने करायचं, हे बरेच पालक विसरतात. आणि कुणाला कधी अटक झाली असेल, दारू पिऊन गाडी चालवल्याचा जुना खटला असेल, अगदी ‘मिटलेला’ असला तरी, तर आय-९० भरण्याआधी वकिलाला भेटा. ठसे दिले की जुनं सगळं वर येतं. अशा वेळी माझ्यासारखीने फॉर्म भरून देणं बरोबर नाही आणि मी देतही नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की कार्ड बदलण्यापेक्षा आईंचं नागरिकत्वच करून टाकू का. फीचा फरक तीनेकशे डॉलरचा, एन-४०० ऑनलाइन ७१० ला पडतो. तो अर्ज केला तर त्याचीही पावती मुदतबाह्य कार्डाला २४ महिन्यांची वाढ देते, म्हणजे आय-९० वाचू शकतो. पण त्याला गेल्या पाच वर्षांत निदान ३० महिने अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेलं लागतं, आणि कुठलीही फेरी सहा महिन्यांच्या वर गेली की सलग वास्तव्यावर प्रश्न येतो. आई दर वर्षी पाच-साडेपाच महिने पुण्यात असतील तर दिवसांचा हिशेब पासपोर्ट घेऊन बसून करा. दुसरी अडचण इंग्रजीची. पंचावन्नच्या पुढचं वय आणि पंधरा वर्षांचं कायम वास्तव्य झालं की इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीत देता येतात. आईंना दहा झाली, अजून पाच. इंग्रजी जमत असेल तर आत्ता, नाहीतर माझं मत आय-९० भरून पाच वर्षं निवांत थांबावं. भारतीय पासपोर्ट सोडायला मन तयार होतं का, हा भाग तर कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

याच्याशी जोडलेला एक गैरसमज इथेच काढते. ‘सहा महिन्यांतून एकदा पाय लावून आलं की कार्ड टिकतं’ असं कट्ट्यावर सांगितलं जातं. असा नियम कुठेही नाही. १८० दिवसांच्या वर बाहेर राहिल्यास परतताना नव्याने प्रवेश मागितल्यासारखी तपासणी होऊ शकते, आणि एक वर्षाच्या वर गेलात तर कार्ड चालत नाही, आधी काढलेलं री-एंट्री परमिट लागतं. पण त्याच्या आतही, घर कुठे आहे, हे अधिकारी विचारतोच. म्हणून आईबाबांच्या नावाचं इकडचं बँक खातं, करपत्रक, डॉक्टरांचे कागद यांची एक फाइल असू द्या.

कायद्याने अठरा वर्षांवरच्या रहिवाशाने कार्ड कायम जवळ बाळगायचं असतं, नसल्यास १०० डॉलरपर्यंत दंड किंवा ३० दिवस कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. म्हणून नवीन कार्ड आलं की ते लॉकरमध्ये टाकू नका. दोन्ही बाजूंचे फोटो तुमच्या फोनवर, एक प्रत पुण्याच्या घरी, आणि बाबांना गर्दीत जाताना शर्टाच्या आतल्या खिशात.

आज रात्री पुण्याला सकाळ झाली की बाबांना फोन करा आणि तो जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट शोधायला सांगा. व्हिसाच्या पानाचा फोटो आला की त्यावरचा ए नंबर मला कळवू नका, तो कुणालाच असा उघड्यावर द्यायचा नसतो. फक्त सापडला एवढं सांगा, मग आय-१३१ए मधला पुढचा रकाना कुठे अडला ते बघू.